मी देऊन टाकलेली फायनल

माझा राग नाकावर असतो, हे मला माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ऐकवून झालेलं आहे. ऑकलंडमध्ये मी ड्रेनेजची इंजिनिअर आहे. पाइपांचे उतार चुकवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरांशी आठवड्यातून दोनदा तरी माझं वाजतं, आणि त्यांच्यातला एकही जण मला गरीब गाय म्हणणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते एखाद्या गरीब गायीच्या हातून झालं असतं तर समजण्यासारखं होतं. ते माझ्या हातून झालं.

गेल्या सप्टेंबरात लेकीच्या कॉलेजची आइस हॉकीची चॅम्पियनशिप क्राइस्टचर्चला होती, शुक्रवार ते रविवार. कॉलेज म्हटलं की पुण्याचे नातेवाईक म्हणतात, "अगोबाई, एवढ्यात कॉलेजात गेली?" इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात हे मी किती वर्षं सांगते आहे, आणि दर वेळी नव्याने चिडते. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला असतो. "आइस हॉकी? आपल्यात कोण खेळतं गं?" आपल्यात कुणी खेळत नाही. माझी लेक खेळते.

अकरा वर्षांची असताना ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला रिंकवर गेली होती. शेजारी लहान मुलांच्या हॉकीचा सराव चालू होता आणि त्यांचा गोलकीपर आला नव्हता. हिला धड स्केटिंग येत नव्हतं, म्हणून कुणीतरी हिला गोलसमोर उभं केलं. गोलकीपरला फार हलावं लागत नाही, असा त्या शहाण्याचा समज होता. ती घरी आली ती दोन्ही मांड्या काळ्यानिळ्या करून, आणि झोपेपर्यंत हसत होती. त्यानंतर सहा हिवाळे आम्ही पहाटे पाचला उठलो, कारण सगळ्या शहरात रिंक थोडे आणि सरावाला बर्फ मिळतो तो पहाटे. माउंट वेलिंग्टनहून रिंकपर्यंत गाडी चालवताना मी रोज कुणावर तरी चरफडत असायची. थंडीवर, सिग्नलवर, मागच्या सीटवरच्या त्या बॅगेवर. गोलकीपरच्या बॅगेचा वास ज्याने घेतलेला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. घामाने भिजलेले पॅड कधीच पुरते वाळत नाहीत.

ती आता बारावीच्या पुढच्या वर्गात होती, म्हणजे इथल्या तेराव्या इयत्तेत, शाळेचं शेवटचं वर्ष. पुढे युनिव्हर्सिटी. मोठ्यांच्या संघात आपल्याला जागा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उंची पाच फूट एक इंच, ती वाढायची थांबलेली. म्हणजे जे काय खेळायचं ते या तीन दिवसांत. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तिने त्या रविवारभोवती लाल पेनाने गोल काढून ठेवला होता. संघ फायनलला पोचेल की नाही याचा पत्ता नसताना, जूनमध्येच.

संघाची मॅनेजर म्हणजे एका खेळाडूची आई, मूळची इथलीच, किवी. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्याबद्दल वाईट बोलायला मला जागाच नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे. माझ्या साइटच्या वेळा बदलल्या तेव्हा त्या हिवाळ्यातल्या प्रत्येक मंगळवारी तिने माझ्या लेकीला घरून उचललं, त्या वासाच्या बॅगेसकट, स्वतःच्या व्हॅनमधून. मी कधी मागितलं नव्हतं. मी अधूनमधून डबा पाठवायची, तो ती धुऊन परत करायची आणि "यम!" असा मेसेज करायची. डब्याने फेड होत नसते हे मला कळत होतं.

नवरा आला नाही. त्याच्या ऑफिसात त्या वीकेंडला कसलंसं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. निघताना म्हणाला, "जरा शांत राहा हं तिकडे." यावर विमानतळापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

आमचा मुक्काम हॉर्नबीतल्या एका मोटेलमध्ये होता. एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला टायरचं दुकान, आणि दिवसभर ट्रकांची ये-जा. शुक्रवारी संध्याकाळी पहिली मॅच. रिंकवर थंडी असणार हे उघड आहे, बर्फच तो. पण प्रेक्षकांना बसायला ॲल्युमिनियमचे बाक ठेवायची कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून आली, ते डोकं मला एकदा बघायचं आहे. संघ मुलामुलींचे एकत्रच असतात; माझ्या पुढच्या बाकावर समोरच्या संघातल्या एका मुलाचा बाप बसला होता. शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला घालून, त्या थंडीत. तो सारखा ओरडत होता, "वर मारा, वर! गोलकीपर बुटकी आहे!"

मी अर्धा तास ऐकून घेतलं. मग त्याच्या कानाशी वाकून खणखणीत मराठीत म्हणाले, "बुटकी आहे का? तुझा घोडा तिच्यापुढे तीनदा तोंडावर आपटलाय, तो बघ आधी." त्याला वाटलं मी काहीतरी उत्साहाचं बोलतेय. त्याने वळून अंगठा दाखवला, इथला माओरी नमस्कार केला आणि म्हणाला, "किया ओरा! गुड गेम, एह?" मनापासून केलेलं भांडण असं वाया गेलं की जास्तच संताप होतो. पण मॅच आम्ही जिंकलो. लेकीने एकच गोल खाल्ला, तोही आपल्याच खेळाडूच्या काठीला लागून आत गेलेला.

संघात दुसरी एक गोलकीपर होती, हिच्याहून दोन वर्षांनी लहान. कोचने आधीच ठरवलं होतं की शनिवारी दुपारची मॅच तिची आणि बाकीच्या माझ्या लेकीच्या. पण शनिवारी सकाळी त्या मुलीचं पोट बिघडलं. उशाशी बादली घेऊन ती मोटेलच्या खोलीत पडून राहिली. म्हणून शनिवारच्या दोन्ही मॅच माझ्या लेकीनेच खेळल्या. दुपारची जिंकली तर फायनल, असा हिशेब होता.

त्या दुपारच्या मॅचमध्ये एक धिप्पाड पोरगा सरळ तिच्या अंगावर गेला. मुद्दाम, मी डोळ्यांनी पाहिलं. तिचा मास्क निघून घरंगळत गेला, ती गोलच्या जाळीत उताणी पडली, आणि रेफ्रीने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाकांवरून उड्या टाकत खाली उतरले आणि रिंकभोवतीच्या काचेवर दोन्ही हातांनी धडाधड मारायला लागले. काय काय बोलले ते लिहीत नाही. रेफ्रीने खेळ थांबवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सगळा रिंक माझ्याकडे बघायला लागला. लेकसुद्धा, गुडघ्यांवर बसून, डोक्यावर मास्क चढवता चढवता.

मॅनेजर आली आणि माझ्या कोपराला धरून मला बाकापर्यंत घेऊन गेली. माझ्या मांडीवर तिने स्वतःचं ब्लँकेट टाकलं, हातात गरम मायलोचा कप दिला. "तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण त्याने तुला बाहेर काढलं तर तिचा खेळ कोण बघणार?" एक शब्द उपदेशाचा नाही. मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं.

मॅच बरोबरीत सुटली. मग दोन्हीकडच्या पाच-पाच जणांनी एकेकट्याने पुढे येऊन गोलकीपरला चकवायचं, तसा निकाल. पाचांपैकी चार माझ्या लेकीने अडवले. शेवटचा तिने आडवं पडून पायाच्या पॅडच्या टोकाने अडवला. मी एवढी ओरडले की पुढे दोन दिवस माझा घसा बसला होता. सगळी मुलंमुली तिच्या अंगावर कोसळली. त्या ढिगाऱ्यातून बाहेर आल्यावर तिने प्रेक्षकांमध्ये मला शोधलं आणि काठी उंच केली. दुपारी काचेपाशी झालेला तमाशा तिने माफ केला आहे, असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी मोटेलच्या अंगणात सगळ्या संघाचं जेवण होतं. बार्बेक्यू, ब्रेड, आणि मी घरून नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, ज्या मुलांनी सॉसमध्ये बुडवून संपवल्या. लेक कागदी ताटली घेऊन पायरीवर बसली होती. दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या. हसत होती. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाली,

"एक विचारू? अजिबात आग्रह नाही. नको असेल तर सरळ नको म्हण. ती धाकटी गोलकीपर आता बरी आहे. तिला एकही मॅच मिळालेली नाही, आणि तिचे आजी-आजोबा उद्या टिमरूहून गाडी चालवत येतायत, तिला बघायला. कोच म्हणतो, मुलींशी बोलण्याआधी तुझं मत घ्यावं. तुझी लेक तीन मॅच खेळली, खूप खेळली. उद्या फायनलला त्या पोरीला उभं केलं तर तुला चालेल?"

आता हे नीट सांगते, कारण मी ते स्वतःलाही हजारदा सांगितलं आहे. माझ्या मनात आलेलं पहिलं उत्तर होतं, "डोकं फिरलंय का तुझं?" ते जिभेवर आलं होतं. आणि तोंडातून निघालं ते असं: "अगं, त्यात विचारायचं काय? खेळू दे ना तिला. माझी काय, भरपूर खेळली. खरंच."

हसून म्हणाले. मान हलवून.

आमच्या घरी, आणि आमच्यासारख्या पुष्कळ घरांत, देण्याघेण्याची एक पद्धत होती. पाहुण्याला पोळी वाढताना त्याचं पहिलं "नको, नको" कुणी उत्तर म्हणून धरत नसे. शेजारीण मोठं पातेलं मागायला आली आणि नेमकं ते आपल्यालाच हवं असलं, तरी आई म्हणायची, "घेऊन जा हो, विचारताय काय." मग शेजारणीने म्हणायचं, "छे छे, उद्या तुमच्याकडे पाहुणे आहेत ना? राहू द्या, मी बघते दुसरीकडे." पातेलं जागच्या जागी राहायचं आणि दोघींचा मानही राहायचा. यात दोन्ही बाजूंना आपापली वाक्यं पाठ असावी लागतात. मी माझं वाक्य म्हटलं आणि तिच्या वाक्याची वाट बघत उभी राहिले.

ती म्हणाली, "तू किती छान आहेस!" मला घट्ट मिठी मारली आणि कोचकडे निघून गेली.

मी या देशात एकोणीस वर्षं आहे. इथे हो म्हणजे हो असतं हे मला माहीत नाही? ऑफिसात नव्याने आलेल्या आपल्या मुलांना मीच शिकवते, "चहा हवा असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा, दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही." आणि तरी मी उभी राहिले, हातात टोमॅटो सॉसची बाटली घेऊन, की आता ती मागे वळेल आणि म्हणेल, नाही गं, असं कसं, शेवटचं वर्ष आहे तिचं. मंगळवारच्या त्या सगळ्या पहाटा, ती व्हॅन, ते ब्लँकेट, तो मायलो. एवढी भीड मला जन्मात कुणाची पडली नव्हती.

दहा मिनिटांत सगळ्यांचे फोन वाजले. संघाच्या ग्रुपवर उद्याची यादी आली होती. गोलसमोर धाकटीचं नाव. खाली कोचने माझे आभार मानले होते, मनाच्या मोठेपणाबद्दल, पुढे तीन बदाम. लेकीने ते पायरीवर बसून वाचलं. मी लांबून बघत होते. तिने फोन उलटा मांडीवर ठेवला, गुडघ्यांच्या पिशव्या सोडल्या, त्या धाकटीकडे जाऊन तिच्या खांद्यावर थाप मारली आणि खोलीत गेली.

मी मागोमाग गेले. ती पलंगावर बसली होती.

"यू डिडन्ट ईव्हन आस्क मी," ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं. उत्तर बहुतेक वेळा इंग्रजीतच येतं.

या ठिकाणी चांगल्या आईने काय करायचं असतं? माफी मागायची. मी भांडले. मी तिच्यावरच चढले. एक मॅच, एवढं काय त्यात, तीन खेळलीस ना, जरा दुसऱ्याचा विचार कर, त्या बाईने वर्षभर तुला नेलं-आणलं त्याचं काही आहे का. मी बोलत होते आणि माझं मलाच ऐकवत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "थांब, मी आत्ता जाऊन कोचला सांगते."

"डोन्ट यू डेअर," ती म्हणाली. तिच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला. "तिच्या आजीला त्यांनी फोन पण केलाय. दे आर सो हॅपी. आता तू नाही म्हणणार? आता?"

बाहेर येऊन मी नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, मग सरळ नाही म्हणायचंस ना." मी फोन कट केला. याच्याइतकं बरोबर आणि बिनकामाचं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

रविवारी फायनल. माझ्या शेजारीच ते टिमरूचे आजी-आजोबा येऊन बसले. त्यांनी खडूस असावं अशी माझी फार इच्छा होती. आजोबांनी गाईच्या गळ्यातली घंटा आणली होती, वाजवायला. आजींनी डब्यातून आल्याच्या वड्या काढून माझ्यापुढे धरल्या. "तुमच्यामुळे," असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते. मी वडी खाल्ली. चांगली होती, त्याचाही मला राग आला.

राखीव गोलकीपर काय करते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, कारण माझी लेक कधी राखीव नव्हती. खेळाडूंच्या बाकाला बर्फावर उघडणारं एक छोटं दार असतं. खेळाडू सारखे आतबाहेर करतात, मिनिटा-मिनिटाला. राखीव गोलकीपर त्या दारापाशी उभी राहते. कुणी आत येताना दिसलं की उघडते, गेलं की लावते. माझी लेक पायात ते एवढे मोठे पॅड बांधून, डोक्यावर संघाची टोपी घालून दार उघडत होती आणि लावत होती. उघड, लाव. पहिला भाग संपेपर्यंत मी खेळ बघितलाच नाही, फक्त ते दार बघत होते.

मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर सगळंच असह्य झालं. सहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगच्या नाचात मी पुढच्या ओळीत होते. खालच्या मजल्यावरच्या काकू आईला म्हणाल्या, "माझ्या मुलीला फार हौस आहे हो." आई म्हणाली, "मग तिला घ्या ना पुढे, आमची काय, मागे उभी राहील." मी मागे उभी राहिले. काकूंना वाक्य पाठ नव्हतं, किंवा होतं आणि त्यांनी ते म्हटलं नाही. आईला मी त्याबद्दल कधी काही बोलले नाही, आणि कधी माफही केलं नाही. माझा हा राग तेव्हापासूनचा आहे की काय, कोण जाणे. पण इतकी वर्षं तो जवळ बाळगून, नेमकी गरज पडली तेव्हा मी तिचंच वाक्य बोलून बसले.

धाकटी घाबरली होती. दुसऱ्या भागात पाच मिनिटांत तिने तीन गोल खाल्ले. तिसरा अगदी सोपा होता, पायांमधून गेलेला. आजोबांची घंटा थांबली. आजी खाली बघायला लागल्या. आणि माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते: मला बरं वाटलं. पंधरा वर्षांच्या पोरीची फजिती बघून मला बरं वाटलं. मग कोच बाकाच्या टोकाशी आला आणि माझ्या लेकीच्या कानाशी वाकला.

मी उभीच राहिले. आता टोपी काढणार, मास्क घालणार, जाणार. वीस मिनिटं हातात होती, तीन गोल म्हणजे काही जगबुडी नाही, ती एक घुसू देणार नाही. मी मुठी आवळून उभी होते.

लेकीने मान हलवली. नाही. तिने काहीतरी म्हटलं, कोचने तिच्याकडे दोन क्षण पाहिलं, आणि तो परत आपल्या जागी गेला. मग तिने बाकापुढच्या कठड्यावरून अर्धी बाहेर वाकून, काठी आपटत, त्या धाकटीला हाका मारायला सुरुवात केली.

त्यानंतर त्या मुलीने एकही गोल खाल्ला नाही. आमच्यांनी दोन केले. तीन-दोन असे आम्ही हरलो. शेवटच्या मिनिटापर्यंत आजोबा घंटा वाजवत होते. आजी मला बिलगून रडल्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, दुसरं काय करणार.

पार्किंगमध्ये व्हॅनची वाट बघत आम्ही दोघीच उभ्या होतो. बॅग दोघींच्या मधोमध. ती त्या दिवशी कोरडी होती, वाससुद्धा नेहमीपेक्षा कमी. मला राहवलं नाही.

"कोच तुला जा म्हणाला होता ना? मग का नाही गेलीस? जिंकली असतीस. नाही का म्हणालीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, आणि तेच मला जड गेलं.

"बिकॉज ही आस्क्ड मी," ती म्हणाली.

मला वाटलं पुढे आणखी काही म्हणेल. तेवढ्यात व्हॅन आली. मॅनेजरने खिडकीतून हात केला, आणि लेकीने बॅग उचलून मागे टाकली.

डिसेंबरात, शाळा संपल्यावर, एका दुपारी मॅनेजरचा मेसेज आला. मी ओट्यापाशी भाजी निवडत होते. धाकटीचे पायाचे पॅड फाटले आहेत. माझ्या लेकीचे आता पडूनच असतील, तर पुढच्या सीझनला तिला वापरायला देता येतील का? खाली लिहिलं होतं, अजिबात आग्रह नाही, नको असेल तर सरळ नको म्हण.

माझ्या अंगठ्याने "अगं, त्यात विचारायचं काय" याचं इंग्रजी अर्धं लिहूनही टाकलं होतं. मी ते पुसलं. हात पुसले आणि लेकीच्या खोलीच्या दारावर टकटक केली. हे मी तोवर कधी केलं नव्हतं, आमच्यात दारावर टकटक करायची पद्धत नाही. ती युनिव्हर्सिटीसाठी डुनेडिनला जायचं सामान भरत होती. पॅड खिडकीखाली भिंतीला टेकवून उभे होते, धुऊन वाळवलेले. मी तिला मेसेज वाचून दाखवला आणि विचारलं, "देऊ का?"

तिने पॅडकडे बघितलं. "नो," ती म्हणाली. आणि मी आता वाद घालणार म्हणून माझ्याकडे बघत राहिली.

मी वाद घातला नाही. तिथेच पलंगाच्या कडेवर बसून लिहायला घेतलं. कारण लिहिलं, खोडलं. मंगळवारांबद्दल पुन्हा आभार लिहिले, खोडले. "सॉरी" लिहिलं, तेही खोडलं. एका ओळीला मला पंधरा मिनिटं लागली, घामाघूम झाले: नाही, ते तिला स्वतःकडेच ठेवायचे आहेत. पाठवलं आणि फोन हातात धरून बसले. मॅनेजर आता दुखावणार, पुन्हा बोलणार नाही, एवढं केलं आणि साधे पॅड दिले नाहीत म्हणणार.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. "स्वीट ऍज! नो वरीज." म्हणजे, काही हरकत नाही. पुढे एक हसरा चेहरा.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. असा संताप मला त्या रेफ्रीचा आला नव्हता, शॉर्ट्सवाल्या बापाचा आला नव्हता, कुणाचाच आला नव्हता. लेक माझ्या मागे येऊन खांद्यावरून वाकून वाचत होती.

"दॅट्स इट?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "एवढंच."